हिरवा बाण

मावळात राहून हिरव्या रंगाचा राग करायचा म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण माझा राग डोंगरांवर नाही, भातावरही नाही. आमच्या लॅबच्या भिंतीवर जो मोठा पडदा टांगलाय, त्यावरच्या हिरव्यावर आहे. लोक म्हणतात, आता सगळं दुरुस्त झालं, सोड की. मी सोडत नाही. काही राग सांभाळून ठेवायचे असतात, पुढं कामाला येतात.

मी लॅब टेक्निशियन आहे. कान्हे फाट्याजवळ जुन्या हायवेला लागून एक खासगी दवाखाना आहे, त्याच्या तळमजल्यावर आमची लॅब. राहायला मी कुसगावला. सकाळी लोणावळ्याला येऊन लोकल धरायची, कान्ह्याला उतरायचं, संध्याकाळी उलट. भर दुपारी या मार्गावर गाड्यांची बोंबच असते, त्यामुळे अर्ध्या दिवसाची रजा आमच्या नशिबात नाही. आलं की संध्याकाळपर्यंत आलंच. वडील रेल्वेत गँगमन होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरात गप्प बसण्याला कुणी गुण मानलेलं नाही. माझ्या नाकावर राग असतो असं दवाखान्यात म्हणतात. असतो. नाक माझं आहे.

पडदा यायच्या आधी आमचं काम साधं चालायचं. अंदर मावळातल्या वाड्यांवरून बायका यायच्या, त्यांत गरोदर बायका जास्त. एकटी कुणी यायची नाही. सोबत सासू, जाऊ, नणंद, नाहीतर वाडीची आशाताई. खुर्चीत बसवून दंडाला पट्टा बांधला की आम्ही नाव विचारायचो. बाई स्वतःचं नाव सांगायची, आडनाव सांगायची आणि मधल्या नावाशी अडायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. मान खाली घालून हसायची आणि सोबतच्या बाईकडं बघायची. मग सोबतची सांगायची. सासूला मुलाचं नाव घ्यायला कसली अडचण? ते नाव आम्ही ट्यूबवर लिहायचो, खाली वाडीचं नाव, आणि सुई टोचायचो.

मला ही रीत पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी आई रेशनच्या दुकानात वडिलांचं नाव आडनावासकट असं ठणकावून सांगायची की रांगेतली माणसं वळून बघायची. पण मला काय पटतं याचा कुणाच्या रक्ताशी संबंध नाही. रक्त काढताना समोरची बाई जशी आहे तशी धरावी लागते.

मग पडदा आला. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, माणूस वाईट नाही. ऑपरेशनला त्यांचा हात चांगला, पण नव्या वस्तूची हौस दांडगी. त्यांनी एक व्यवस्थापक आणले. हे गृहस्थ आधी लोणावळ्यात एका रिसॉर्टचं काम बघायचे. सुरुवातीला ते पेशंटला चुकून 'गेस्ट' म्हणायचे. पुढं चुकून म्हणणं थांबलं आणि सरळच म्हणायला लागले. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं. नावनोंदणी आता बाहेरच्या काउंटरवर, टोकन घेऊन. सोबतच्या माणसांनी बाहेर बाकावर बसायचं, आत गर्दी नको. ट्यूबवर हातानं काही लिहायचं नाही, बारकोड चिकटवायचा. आणि लॅबच्या भिंतीवर तो पडदा, ज्याला सगळे डॅशबोर्ड म्हणत. कुठलं सॅम्पल आलं, कुठलं राहिलं, कुठला रिपोर्ट किती वेळात गेला. वेळेत गेला की हिरवं, उशीर झाला की लाल, आणि लालच्या शेजारी आमची नावं. माझं नाव पहिल्या आठवड्यातच तिथं कायमचं राहायला गेलं. माझ्यासोबतचा टेक्निशियन त्याला फळा म्हणायचा. शाळेत दंगा करणाऱ्यांची नावं मॉनिटर फळ्यावर लिहायचा, तसंच हे, फक्त मॉनिटर पुण्यात बसतो, असं त्याचं म्हणणं.

त्या पडद्यावरच्या दोन सोयी मात्र मला आवडल्या होत्या, खोटं का बोलू. एक म्हणजे बाण. पेशंटची जुनी तपासणी असली तर आजच्या आकड्यापुढं बाण यायचा, सुधारलं असेल तर वर जाणारा हिरवा, घसरलं असेल तर खाली जाणारा लाल. दुसरी, कडेला एक यादी, 'बोलवायचे पेशंट'. ज्यांचा आकडा धोक्याचा, त्यांची नावं तिथं राहायची. काउंटरवरून त्यांना फोन जायचा. पुढची तपासणी चांगली आली की नाव आपोआप निघून जायचं. मला वाटायचं, चला, एवढं तरी अक्कल लावून केलंय.

बाकी तक्रारी आम्ही केल्याच. अक्षरं बारीक, रंग डोळ्यांत खुपणारे, आम्हाला हवं ते कोपऱ्यात आणि मालकांना हवं ते मधोमध. शेवटी कंपनीनं एक डिझायनर पाठवली. काम ठरवून दिलेलं, रंग आणि अक्षरं तेवढी बदलायची. पंचविशीतली मुलगी, पुण्याहून स्वतःची छोटी गाडी चालवत यायची. मला वाटलं, चार फोटो काढेल आणि जाईल. तिनं स्टूल ओढलं आणि मशीनच्या शेजारी बसली ती बसलीच. पहिल्याच दिवशी संध्याकाळी म्हणाली, ताई, तुम्ही दिवसभरात पडद्याकडं जवळजवळ बघितलंच नाही. मी म्हटलं, तो मला बघतो तेवढं पुरे. ती मोठ्यानं हसली आणि तिथून आमचं जमलं. 'मॅडम'वरून मी 'अगं'वर आले.

त्याच आठवड्यात एका सकाळी डोंगरावरच्या एका वाडीतली गरोदर मुलगी खुर्चीत बसली होती. सासू नियमाप्रमाणे बाहेर बाकावर. मशीनमधून हिमोग्लोबिन आलं साडेनऊच्या जरा वर. पडद्यावर तिच्या नावापुढं हिरवा बाण, आणि शेजारी मागचे आकडे. आधी साडेसहा, मग साडेनऊ, आणि आता हे. मला बरं वाटलं. तिला म्हटलं, शाबास गं, साडेसहावरून एवढं वाढवलंस? काय खात होतीस? ती गोंधळली. मागच्या वेळी नऊच्या वर आहे, असंच डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणाली. सहा वगैरे तिला कुणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, पहिल्यांदा होतं, तीनदा रक्त काढलंय तुझं.

"न्हाई वो ताई," ती म्हणाली. "दोनदाच टोचलंय मला. मागल्या म्हैन्यात आन आज."

टोचलेलं बाई विसरत नाही. मी पडद्याकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि सासूला आत बोलावलं. मावशी सहज सांगायला लागल्या. वाडीत ह्या नावाच्या दोघी आहेत, आडनाव तर सगळ्या वाडीचं एकच. दोघींना दिवस गेलेले. दुसरी वरच्या अंगाला राहते, तिला नववा लागलाय. मी विचारलं, तिच्या मालकाचं नाव काय? मावशींनी लगेच सांगितलं. या मुलीच्या नवऱ्याचं नाव वेगळंच होतं.

कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी उघडल्या. दोघींच्या नोंदीत मधल्या नावाची जागा रिकामी. ती कशी रिकामी राहिली हे मला डोळ्यांसमोर दिसलं. सोबतची बाई बाकावर बसवलेली, ही टोकन घेऊन काउंटरपुढं एकटी उभी. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पुढं मान खाली घालून हसली. काउंटरवरच्या बाईनं मागची रांग बघितली आणि जागा रिकामी सोडून पुढं गेली.

डिझायनर तोवर स्टुलावरून उठली होती. तिनं सांगितलं ते असं. नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर जुळला की सॉफ्टवेअर दोन नोंदींना एकच माणूस समजतं आणि आपणहून एकत्र करतं. आता त्या वाडीत अर्ध्या लोकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. साल अंदाजानं घातलेलं, ते या दोघींचं एकच पडलं. वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून सगळ्यांनी दिलेला नंबर एकच, आशाताईचा. मधलं नाव इकडंही रिकामं, तिकडंही रिकामं; मशीनच्या लेखी तेही जुळलं. पुण्यात बसून ज्यानं हा नियम केला त्याला मी वेडा म्हणणार नाही. त्याच्या ओळखीत एका माणसाला एक फोन असतो, कधी दोन. एका वाडीला एक फोन असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

म्हणजे झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी त्या दुसरीचं रक्त तपासलं गेलं, ते आलं साडेसहा. त्या दिवशी माझ्या सहकाऱ्याची पाळी होती. त्यानं ताबडतोब डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उद्याच बोलवा, रक्त चढवावं लागेल. पण ती दुपारच्या जीपनं परत गेलेली. फोन लावला तर रेंजच्या बाहेर. त्यानं नाव बोलवायच्या यादीत राहू दिलं, रीतसर. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मुलगी आली. सॉफ्टवेअरनं हिचे साडेनऊ तिच्या साडेसहावर चढवले, हिरवा बाण काढला आणि नाव यादीतून पुसून टाकलं. त्यानंतर तिला कुणी फोन केला नाही. कुणाला करायचा, यादीत ती नव्हतीच.

साडेसहा रक्तावर नववा महिना. बाळंतपणात रक्त सगळ्यांचंच जातं, पण जिच्यात मुळातच नाही तिचं थोडं गेलं तरी ती हाती लागत नाही. लॅबमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझा सहकारी एरवी दिवसभर थट्टा करणारा माणूस, तो भिंतीला टेकून उभा राहिला.

आशाताईला फोन लावला. लागेना. मी वर व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. व्यवस्थापक म्हणाले, शांत व्हा, कंपनीला मेल टाकतो. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स अशी नुसत्या चौकशीला डोंगरात पाठवता येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, नातेवाइकांना यातलं काही सांगायचं नाही, ही टेक्निकल बाब आहे, उगाच गैरसमज होतात. मी विचारलं, ती बाळंत होताना मेली तर तीही टेक्निकल बाब का? ते म्हणाले, मॅडम, भाषा सांभाळा.

भाषा मी सांभाळली. खाली आले आणि पडद्याची वायर भिंतीतून उपटली. एवढा मोठा पडदा, विझताना आवाजसुद्धा केला नाही. सहकाऱ्याला सांगितलं, आजपासून प्रत्येक ट्यूबवर पेनानं नाव, नवऱ्याचं नाव, वाडी. सोबतची बाई आत येईल, कुणी अडवलं तर माझं नाव सांग. तो म्हणाला, मेमो येईल. मी म्हटलं, येऊ दे. मी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.

डिझायनर गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. तिच्या गाडीत मागं मावशी आणि ती मुलगी, पुढं आम्ही दोघी. पाऊस सरत आला होता, पण रस्त्याचं व्हायचं ते होऊन बसलेलं. टाकवे मागं पडलं, मग धरणाच्या पाण्याच्या कडेनं वळणं. डिझायनर खड्डे चुकवत होती. मध्येच एका वळणावर माझा फोन वाजला; आशाताई. पलीकडच्या वाडीवर होती म्हणून लागत नव्हता. तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "तुमी पुढं व्हा, मी जीप घिऊन येते," आणि फोन कापला. तिला समजावत बसावं लागलं नाही, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

गाडीचा रस्ता संपला तिथून चढ. मावशी पुढं, त्यांच्या चालीला आम्ही दोघी पुऱ्या पडत नव्हतो. गरोदर सून खालच्याच घरात थांबली. वरच्या अंगाच्या घराच्या पडवीत एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पाय सुजलेले, ओठ फिके. मी तिच्यापुढं बसले आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. आत लाली म्हणून नव्हती. मशीनची गरज नव्हती.

मला बरं बोलायला हवं होतं, पण मी चिडूनच विचारलं, परत का नाही आलीस?

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता, काय आसलं तर फोन करू. फोन न्हाई आला. म्हनलं, बरं आसंल."

मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला. ती आमच्यावर विश्वास ठेवून तांदूळ निवडत बसली होती. चक्कर येते ती नवव्याचीच, दम लागतो तो चढाचाच, कारण दवाखान्यातून फोन नाही, म्हणजे आपण बऱ्या आहोत. मी तिला तेव्हा एवढंच सांगितलं की रक्त कमी आहे, आत्ता चल. चालत येते म्हणाली. मी चालू दिलं नाही. नवऱ्यानं आणि दिरानं प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधले आणि तिला खाली उतरवलं. आशाताईची जीप येऊन उभी होती. तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तपासलं तेव्हा साडेसहाही उरलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी वरच्या मजल्यावर बैठक झाली. ती अजून तळेगावलाच होती. रक्त चढवणं चालू होतं, पण मोकळी झाली नव्हती, आणि मी टेबलाशी बसून सारखी फोनकडं बघत होते. मोठे डॉक्टर, व्यवस्थापक, डिझायनर, मी, आणि कंपनीचे एक साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर. व्यवस्थापकांनी उपाय शोधून ठेवला होता. मधल्या नावाची जागा सक्तीची करायची. ती भरल्याशिवाय नोंद पुढं सरकणारच नाही. आणि काउंटरवरच्या बाईला लेखी समज द्यायची, जागा रिकामी तिनं सोडली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

मी म्हटलं, सक्ती केलीत तर बाई नाव घेणार नाही, काउंटरवर रांग तुंबेल आणि ती बाई तिथं एक टिंब टाकून मोकळी होईल. मग टिंब आणि टिंब जुळेल. रीत मोडायची तर त्या बायका मोडतील, त्यांच्या वेळेनं. आमच्या आयांनी मोडलीच की. पण ती मोडली नाही म्हणून तिनं मरायचं, हे काउंटरवर ठरायचं नाही.

साहेब म्हणाले की इतक्या ठिकाणी हे सॉफ्टवेअर चालतंय, अशी तक्रार कुठूनच आलेली नाही. हा अपवाद आहे, एकच केस आहे.

"एकच आहे," मी म्हटलं. "तळेगावला कॉटवर आहे. तिला जाऊन सांगा, तू एकच आहेस."

तेव्हा ती मुलगी, जिला रंग आणि अक्षरं बदलायला पाठवलं होतं, हळू आवाजात आपल्याच साहेबांना म्हणाली, "सर, बाकीच्या ठिकाणी कुणी पेशंटला विचारलं नसेल, दोनदा टोचलंय की तीनदा." त्या वाक्याबद्दल तिला कंपनीत पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, हे मला फार नंतर कळलं. तिनं मला सांगितलं नव्हतं.

मग तिनं आपला नवा पडदा दाखवला. सुटीच्या दोन दिवसांत तिनं आणि आम्ही फोनवर भांडत भांडत तो केला होता. त्यात मशीन आपणहून कुणाला कुणात मिसळत नाही. सारख्या नावाच्या दोघी शेजारी शेजारी दिसतात आणि माणसानं विचारून ठरवायचं. नावाखाली एक नवी जागा, 'सोबत कोण'. म्हणजे सोबतची बाई बाकावरून उठून पुन्हा आत आली. आणि बोलवायच्या यादीतलं नाव कुठल्याही आकड्यानं पुसलं जात नाही. त्या बाईला कुणीतरी स्वतः भेटलं, बोललं, आणि मी अमका भेटलो असं आपलं नाव लावलं, तरच ते निघतं. बाण तिनं ठेवला होता, पण आता बाणावर टिचकी मारली की आधीचं रक्त कधी, कुणासोबत येऊन दिलं हे उघडतं. याच्यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं होतं. मी म्हणत होते, काढूनच टाक. ती म्हणाली, ताई, बाण खोटं बोलला नाही, त्याला चुकीची बाई दाखवली. शेवटी मी मान्य केलं, पण मनातून नाही.

व्यवस्थापकांनी हिशोब मांडला की अशानं प्रत्येक नोंदीला वेळ लागेल, रिपोर्ट लांबतील, सगळा पडदा लाल दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. माझं नाव मोठ्या अक्षरात लावा.

मोठे डॉक्टर इतका वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. ते एवढंच म्हणाले, "त्या हिरव्या बाणाच्या रिपोर्टखाली सही माझी आहे. बदला." आणि उठले. पडदा बदलला. मेमोही आला, पडद्याची वायर उपटल्याबद्दल. तो माझ्या घरी कपाटात इस्त्रीच्या साड्यांखाली आहे. तो मागं घेण्याच्या बदल्यात मी माफीनामा द्यावा असं सुचवलं गेलं. मी दिला नाही, आणि पुढं कुणी मागितला नाही.

दोन दिवसांनी आशाताईचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी ठीक. मी लॅबमध्येच खाली बसले, स्टुलावरसुद्धा नाही, फरशीवर. सहकाऱ्यानं चहा आणून माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही.

इथं गोष्ट संपवली तर व्यवस्थापकांना आवडेल. पण त्यांची ती सूचना तशीच उभी होती, नातेवाइकांना काही सांगायचं नाही. तळेगावला त्या बाईला एवढंच माहीत होतं की रक्त कमी झालं, दवाखान्यातल्या ताई गाडी घेऊन आल्या, वाचवलं. वाडीत माझं नाव निघालं की लोक हात जोडतात, असं आशाताई कौतुकानं सांगायची. ते ऐकून मला खोटं पडल्यासारखं व्हायचं. ज्यांनी तिला विसरून टाकलं त्यांच्यातलीच मी एक, आणि हात माझ्यापुढं जोडले जात होते.

थंडीच्या दिवसांत ती रक्त तपासायला आली. सोबत तिची नणंद, आणि कुशीत मुलगी, टोपी घातलेली. तिघी आत आल्या. मी रक्त काढलं, कापसाचा बोळा दाबून धरायला दिला, आणि मग सगळं सांगितलं. साडेसहा आलं होतं ते. डॉक्टरांनी बोलवायला सांगितलं होतं ते. दुसरीचं रक्त तिच्या नावावर कसं चढलं ते, आणि तिचं नाव यादीतून कसं गेलं ते. फोन आला नाही तो ती बरी होती म्हणून नाही, आम्ही तिला हरवलं होतं म्हणून. सोप्या शब्दांत सांगितलं आणि मध्ये कुठं थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. माझा सहकारी दरवाज्याकडं बघत होता, वरून कुणी येतंय का म्हणून.

तिनं ऐकून घेतलं. मुलगी कुरकुरली, तिला थोपटलं.

"म्हंजी तुमच्याकडं लिवलेलं व्हतं," ती म्हणाली. "आन मी वर तांदूळ निवडत बसले व्हते."

मी हो म्हटलं.

नणंद काहीतरी बोलणार होती, जाऊ द्या, वाचली ना, असंच काहीतरी. हिनं हातानंच तिला थांबवलं. मग ती त्या दुसरीची चौकशी करायला लागली, तिला तर काही झालं नाही ना, तिचं रक्त नीट आहे ना. आहे म्हटल्यावर तिनं मुलीची टोपी सारखी केली. मला वाटलं, आता रडेल, किंवा मला बोलेल. बोलायचा तिला हक्क होता आणि मी ऐकायला तयार होते.

"आता फोनची वाट म्या न्हाई बघनार," ती म्हणाली. "आला तरी यीन, न्हाई आला तरी यीन. आन काय लिवलंय ते माज्याफुडं वाचा म्हनीन. वाचल्याबिगर उठनार न्हाई."

ती खरंच उठली नाही. बाहेर रांग वाढत होती, काउंटरवरून दोनदा विचारणा झाली, व्यवस्थापक काचेतून डोकावून गेले. ती मुलीला मांडीवर घेऊन खुर्चीत तशीच बसून राहिली. रिपोर्ट आला तेव्हा मी तो तिच्यासमोर धरला, आधी नाव वाचलं, मग एकेका आकड्यावर बोट ठेवून सगळा वाचला.